डिस्प्ले आला नाही तर?

शंकेखोर : तुझ्या मावसभावाला डेस्कटॉप हवाय, तर घेऊ दे ना. माझं म्हणणं एवढंच, की सुटे भाग आणून तो स्वतःच जोडायचा हा हट्ट कशासाठी, ते एकदा नीट सांग. आमच्या वेळी त्यामागे पैशाचं सरळ कारण होतं. नव्वदच्या दशकात कंपनीचं नाव असलेलं मशीन आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून घेतलेलं मशीन यांच्या किमतीत एवढी तफावत असायची, की मध्यमवर्गीय घरात किंवा चार टेबलांच्या ऑफिसात दुसरा विचार होतच नसे. आज ती तफावत जवळपास मिटली आहे. मोठ्या कंपन्या लाखांच्या संख्येनं प्रोसेसर उचलतात, विंडोजचं लायसन्स त्यांना घाऊक भावात पडतं. तुझ्या भावाला ते वेगळं विकत घ्यावं लागेल. त्यात रॅमचं बघ. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स एवढ्या ओढल्या की सुट्या रॅमचे भाव भराभर चढले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मायक्रॉननं क्रूशल हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. चिप बनवणाऱ्यांच्या हिशेबात दुकानातून रॅमची एक पट्टी नेणारा माणूस सगळ्यात शेवटी येतो. अशा दिवसांत पहिल्यांदाच मशीन जोडायला निघालेल्या पोराच्या हाती नेमकं काय लागणार?

हौशी : काका, पैसे वाचतील म्हणून जोड, असं मी त्याला सांगितलेलंच नाही. कधी वाचतात, कधी दोन-चार हजार जास्त जातात. मी एवढंच बघते, की आहेत ते पैसे मशीनच्या कुठल्या भागावर खर्च झाले. तयार मशीनच्या जाहिरातीत प्रोसेसरचं नाव असतं, रॅम किती जीबी आणि एसएसडी किती जीबी हे असतं, ग्राफिक्स कार्ड असलं तर त्याचं नाव ठळक अक्षरात असतं. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग, कुठला आहे? बोर्डावर रॅमचे स्लॉट दोन की चार? १६ जीबी रॅम एकाच पट्टीत बसवली आहे की आठ-आठच्या दोन पट्ट्यांत? हे बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं. एकच पट्टी असली की ड्युअल चॅनल चालत नाही, आणि मेमरीतून माहिती उचलायची क्षमता निम्मी होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर तो फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. माझा भाऊ व्हिडिओ एडिटिंग शिकतोय, ब्लेंडरवर थ्रीडीचं काम करतोय. त्याला कार्डावर मेमरी जास्त हवी, रॅम जास्त हवी. दिव्यांचं कॅबिनेट आणि काचेची बाजू नसली तरी चालेल. हे त्याचं गणित कुठल्याही तयार मॉडेलमध्ये नेमकं बसत नाही.

दुसरं, पुढच्या पाच वर्षांचं. इंटेलनं १९९५ मध्ये एटीएक्सचा आराखडा ठरवून दिला. बोर्डाच्या स्क्रूची भोकं कुठे असावीत, एसएमपीएस केवढा असावा, हे तेव्हा ठरलं आणि तीस वर्षांनी आजही मोठ्या मानानं तेच आहे. आज घेतलेलं चांगलं कॅबिनेट पुढच्या तीन मशीनना पुरेल. काही तयार डेस्कटॉपमध्ये मात्र बोर्डाचा आकार कंपनीचा स्वतःचा, एसएमपीएसचं कनेक्टरसुद्धा स्वतःच्याच मापाचं. पाच वर्षांनी एसएमपीएस गेला तर बाजारातला कुठलाही चांगला एसएमपीएस त्यात बसत नाही, आणि त्या कंपनीचा मिळेलच याची खात्री नसते. एका दीड-दोन हजारांच्या भागापायी अख्खं मशीन भंगारात जातं.

शंकेखोर : अपग्रेडचं हे आश्वासन मी गेली कितीतरी वर्षं ऐकतोय. प्रत्यक्षात किती जण करतात? लोक रॅम वाढवतात, एसएसडी टाकतात, आणि ते बहुतेक तयार मशीनमध्येही करता येतं. प्रोसेसर बदलायची वेळ येते तेव्हा सॉकेट बदललेलं असतं. इंटेलचंच बघ : २०१५ मध्ये ११५१, २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७००, २०२४ मध्ये १८५१. मधेच डीडीआर ४ जाऊन डीडीआर ५ आलं. पट्टीवरची खाचच वेगळ्या जागी, त्यामुळे जुनी रॅम नव्या बोर्डात शिरतसुद्धा नाही. म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही एकदम बदला. उरलं काय, तर कॅबिनेट आणि एसएमपीएस.

हौशी : इंटेलच्या बाबतीत मान्य. पण एएमडीचं एएम ४ सॉकेट २०१७ मध्ये घरगुती बाजारात रुळलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बायोस अपडेट करून त्या पहिल्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर चालला. पाच वर्षं जुन्या बोर्डावर! २०२२ च्या एएम ५ सॉकेटबद्दलही कंपनीनं २०२७ पर्यंत आणि त्यापुढे पाठिंबा देऊ असं म्हटलंय. कुठल्या सॉकेटला पुढे वाट आहे आणि कुठलं संपत आलंय, हे खरेदीच्या आधी बघणं हाच तर स्वतः निवडण्याचा भाग आहे.

शंकेखोर : ठीक आहे, सॉकेटवर मी अडून बसत नाही. माझी खरी हरकत वेगळीच आहे. मशीन चालतं तेव्हा ते कोणी जोडलं याला काही महत्त्व नसतं. ते चालत नाही तेव्हाची गोष्ट बोलू. सगळं जोडून झालं, बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले आणि डिस्प्ले आलाच नाही. आता काय? दुकानदाराच्या बेंचवर दुसरा एसएमपीएस पडलेला असतो, दुसरी रॅम असते, चालू असलेलं एखादं कार्ड असतं. एकेक भाग बदलून बघायला त्याला दहा मिनिटं पुरतात. तुझ्या भावाकडे प्रत्येक गोष्ट एकच. बोर्ड खराब की प्रोसेसर, रॅम की एसएमपीएस, हे तो कशावरून ठरवणार? सहा भाग, सहा कंपन्या, सहा वॉरंट्या. बोर्डाचं सर्व्हिस सेंटर म्हणणार, आमचा बोर्ड व्यवस्थित आहे, रॅम तपासा. रॅमवाले म्हणणार, पट्टी पाठवा, तपासून कळवतो. कुरिअरनं भाग जाणार, दोन-तीन आठवड्यांनी परत येणार, आणि तोपर्यंत पोरगं रिकाम्या टेबलाकडे बघत बसणार.

कायद्याच्या बाजूनंही विचार कर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादक कोणाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे. दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडून वस्तू तयार करणाराही तीत उत्पादक म्हणून धरला जातो. तयार मशीन घेतलंस तर सगळं मिळून नीट चालतंय की नाही, याबद्दल जाब विचारायला एक कंपनी असते. सुट्या भागांच्या बाबतीत प्रत्येक जण आपापल्या भागापुरता बांधलेला. ते भाग एकत्र चालत नसतील तर तक्रार कोणाविरुद्ध करायची? जोडणारा तर तो स्वतःच आहे.

हौशी : ही हरकत मी टाळणार नाही, कारण पहिल्यांदा जोडणाऱ्याला कोणी ती आधी सांगत नाही. त्याला सांगतात ते वेगाबद्दल, किती फ्रेम येतील याबद्दल. मी भावाला सांगितलं, की भाग निवडतानाच निदानाचा विचार कर. म्हणजे असं : ज्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ असतो, त्यात आतले ग्राफिक्स नसतात, म्हणून तो थोडा स्वस्त मिळतो. पहिल्यांदा जोडणाऱ्यानं ते पैसे वाचवू नयेत. आतले ग्राफिक्स असले की कार्ड काढून ठेवायचं, मॉनिटरची केबल थेट बोर्डाला लावायची, आणि डिस्प्ले आला तर दोष कार्डाकडे आहे हे पाच मिनिटांत कळतं. रॅम दोन पट्ट्यांत घ्यायची. म्हणजे एकेक पट्टी लावून बघता येते. बोर्ड घेताना त्यावर निदानाचे चार बारीक दिवे आहेत का ते बघायचं : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. सुरू होताना ज्याच्यापाशी अडतं, तो दिवा लागून राहतो. बोर्ड स्वस्तातला असेल आणि दिवे नसतील, तर बीप वाजवणारा छोटासा स्पीकर मिळतो, तो त्यावर लावता येतो. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलं तर फारच उत्तम. बोर्ड जुन्या बायोसचा आणि प्रोसेसर नवा अशी गाठ पडली, तर पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येतं, चालू प्रोसेसर लागत नाही.

मग जोडणी. सगळं कॅबिनेटमध्ये कसून झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबायचं नाही. बोर्ड ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर तो ठेवायचा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस, बस. रॅमची पट्टी बोर्डाच्या माहितीपुस्तकात सांगितलेल्या स्लॉटमध्ये, बहुतेक बोर्डांवर तो प्रोसेसरपासून दुसरा असतो. एवढ्यावर डिस्प्ले आला म्हणजे मुख्य चार भाग जागेवर आहेत. त्यानंतर कॅबिनेट. पुढे काही बिघडलं तर संशयाचं क्षेत्र आधीच आखून घेतलेलं असतं.

शंकेखोर : आणि एवढ्यावरही नाही आला तर?

हौशी : तर आधी दहा मिनिटं थांबायचं. मी अगदी मनापासून सांगते. एएम ५ बोर्डावर डीडीआर ५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड त्या रॅमशी जुळवून घेत असतो, आणि तेवढा वेळ पडदा पूर्ण काळा राहतो. कधी एखादा मिनिट, कधी बरीच मिनिटं. हे माहीत नसलेला मुलगा घाबरून बटण दाबून धरतो, मशीन बंद करतो, रॅम काढून परत घालतो, आणि ती जुळवणी पहिल्यापासून सुरू होते. बोर्ड चांगला असताना मेला म्हणून परत पाठवला जातो. दुसरं बघायचं ते बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात : तिथे प्रोसेसरच्या विजेची आठ पिनांची जोडणी वेगळी असते, आणि सगळ्यांत जास्त विसरली जाते ती हीच. तिसरं, कार्ड लावलेलं असताना मॉनिटरची केबल बोर्डाला लावलेली असणं. चौथं, रॅम एका टोकाला पूर्ण न बसणं. माझ्या पाहण्यात तरी ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा या चारांतच निघालाय.

खरी भीती वाटते ती प्रोसेसर बसवताना, आणि तिथे धीर द्यायला कोणी नसतं. एएम ५ सॉकेटमध्ये १७१८ पिना असतात, डोळ्यांना जेमतेम वेगळ्या दिसतील इतक्या बारीक; त्यांना बोट किंवा कापड लागता कामा नये. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मग पत्र्याची चौकट खाली आणायची आणि बाजूची दांडी दाबायची. ती दांडी सहज जात नाही. चांगला जोर लागतो, कर्र असा आवाज येतो, आणि वरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण टप्कन उडून बाहेर पडतं. दहा-पंधरा हजारांची वस्तू आपल्या हातून मोडली असं त्या क्षणी वाटतं. काही मोडलेलं नसतं, ते असंच बसतं. ते झाकण मात्र जपून ठेवायचं. बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर सॉकेटवर झाकण मागतात.

शंकेखोर : तू सांगतेस ते नीट आहे, आणि निदानाचा विचार करून भाग घ्यायचे हे मला पटलं. पण तुझ्या यादीत वीज कुठेच आली नाही. एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेलं असतं म्हणून पोरं घेतात. त्याच्या बाजूच्या लेबलवर एक तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्याच १२ व्होल्टवर चालतात. तिथे १८ अँपिअर असतील तर बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. खोक्यावर ५०० आणि कामाचे २१६! उरलेले आकडे ज्या व्होल्टेजवर दाखवलेत, त्यांचा आजच्या मशीनला फारसा उपयोग नाही. ८० प्लसचा शिक्का असला म्हणजे झालं, असंही लोक समजतात. तो शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जात नाही एवढंच सांगतो. व्होल्टेज वर-खाली झालं तर आतली संरक्षणं काम करतील की नाही, हे तो सांगत नाही.

आणि आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतंच. तालुक्याच्या गावी संध्याकाळी दिवे मंद होतात, रात्री उशिरा प्रखर होतात, पावसाळ्यात दिवसातून चारदा जातात. त्याहून वाईट म्हणजे अर्थिंग. जुन्या इमारतीत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. त्याचं कारण एसएमपीएसच्या आतच आहे. गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर टाकलेले असतात. त्यांतून येणारा बारीकसा करंट अर्थिंगच्या वायरनं जमिनीत जायला हवा. ती वायरच नसली की पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजला तरंगत राहतो. माणसाला त्यानं बहुधा इजा होत नाही, पण चालू मशीनमध्ये एचडीएमआयची केबल काढता-घालताना पोर्ट जाऊ शकतो. यूपीएसचंही तसंच. सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, आणि त्याची वीज बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह नसते. काही चांगले एसएमपीएस नेमके तेव्हाच बंद पडतात. व्हिडिओ बघून यादी बनवणाऱ्या पोराला यातलं काय माहीत असणार?

हौशी : यातलं निम्मं त्याला माहीत नाही, आणि ते मी त्याला आजच सांगणार आहे. पण काका, हे सगळं तयार मशीनलाही लागू आहे ना? तो ज्या हॉस्टेलवर राहतो, तिथल्या त्याच सॉकेटमध्ये ते लागणार. तिथेही झिणझिण्या येणार. फरक एवढाच, की त्या मशीनच्या एसएमपीएसचं लेबल बघायला कॅबिनेट उघडावं लागेल, आणि काही ठिकाणी तर उघडलं की वॉरंटी जाईल अशी धमकी देणारं स्टिकर असतं. स्वतः निवडणाऱ्याला निदान प्रश्न विचारता येतो. भावाला विजेचा हिशेब मी करून दिलाय : ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०६० सारखं कार्ड ११५ वॅट घेतं, बाकी सगळं धरून ३०० च्या आत. म्हणजे चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. साडेआठशे वॅटचा स्वस्त घेण्यापेक्षा तोच घ्यावा. यादीतला पहिला भाग एसएमपीएस, आणि पैसे कमी पडले तर कार्डातून कापायचे. कार्ड वर्षभरानं बदलता येतं.

वॉरंटीवरही एक वाट आहे. सगळे भाग एकाच दुकानातून घ्यायचे, पक्क्या बिलावर, आणि बिलात प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यायचा. बिलाशिवाय थोडं स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडे वळायचंच नाही. ग्रे मार्केटमधल्या मालाला इथलं सर्व्हिस सेंटर दाद देत नाही. आणि दुकानातून निघण्याआधी बेंचवर डिस्प्ले दाखवा असं म्हणायचं. बरेच दुकानदार दाखवतात. मग भाग सुटे करून घरी आणायचे आणि जोडायचे.

शंकेखोर : मग जोडलं कोणी? निवड तुझी, तपासणी दुकानदाराची, तुझ्या भावाच्या वाट्याला आले स्क्रू. त्याला वाटेल, मी कॉम्प्युटर बनवला. तो काय शिकला, ते मला सांग. आम्ही जोडायचो तेव्हा प्रोसेसरचा वेग बोर्डावरच्या जंपरनं ठरवावा लागे, साउंड कार्ड आणि मोडेम एकाच इंटरप्टवर आले की भांडण सोडवावं लागे. २००० नंतर काही वर्षं बोर्डावरचे कपॅसिटर फुगून फुटायचे. तेव्हा नवे कपॅसिटर सोल्डर करून बोर्ड परत उभे केले जायचे. आज सगळं चुकीच्या जागी बसणारच नाही अशा बेतानं केलेलं आहे. चिप बंद, बायोस बंद, बोर्ड अनेक थरांचा. कुठला चौकोन कुठल्या चौकोनात बसतो एवढंच त्याला कळणार.

आणि एक बोलतो, राग मानू नकोस. तुझ्या घरी दुसरं मशीन आहे. तुझं एखादं बंद पडलं तर तुझं काम अडत नाही. म्हणून तुला बिघाडात गोडी वाटते. त्याच्या घरून एकदाच पैसे मिळणार आहेत. त्याचं सबमिशन आठवड्यावर आलेलं असताना बोर्ड कुरिअरमध्ये अडकला, तर त्याला शिकायला मिळतंय असं तू म्हणशील का? तयार मशीनला काही कंपन्या घरी येऊन दुरुस्त करून देण्याची सोय ठेवतात. ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही, त्याला ती सोय ज्ञानापेक्षा जास्त मोलाची आहे.

हौशी : हे शेवटचं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. दुसरं मशीन नसलेल्या माणसाच्या बाजूनं मी पुरेसा विचार केला नव्हता. पण त्याच्याच बाजूनं विचार केला तर एक गोष्ट उलटीही दिसते. अख्खं मशीन बदलणं सगळ्यात कमी परवडतं ते त्यालाच. वॉरंटी संपली की घरी येणारा माणूस येईनासा होतो, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ‘आता हे जुनं झालं, नवीनच घ्या’ असं ऐकायला मिळतं. तेव्हा चिपच्या आत काय चाललंय हे कळून काहीच उपयोग नसतो. सहा भागांतला कुठला गेला, हे कळणं पुरतं. रॅमच्या पट्टीचे सोनेरी पाय साध्या खोडरबरानं हलकेच घासून परत लावले आणि मशीन सुरू झालं, हे गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांना ठाऊक आहे. ज्यानं ती पट्टी एकदा स्वतः बसवली आहे, तो हे स्वतः करून बघतो. ज्यानं कॅबिनेट कधी उघडलंच नाही, तो मशीन रिक्षात घालून नेतो आणि सांगतील ते पैसे देतो.

विंडोज १० चं घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याला मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल लागतं. कितीतरी मशीनमध्ये टीपीएम होतंच, फक्त बायोसमध्ये बंद होतं. आपल्या मशीनचा बायोस उघडून बघायची भीती गेलेला माणूस ते चालू करतो. बाकीच्यांनी धडधाकट मशीन काढून टाकली. रॅमचंही तसंच : खोक्यावर ६००० लिहिलंय आणि बायोसमध्ये एक्स्पो हे रॅमच्या वेगाचं सेटिंग चालू केलं नाही, तर ती ४८०० वर धावत राहते. वर्षानुवर्षं. हे ज्ञान उथळ आहे असं तुम्ही म्हणाल. पण माणसाला स्वतःच्या वस्तूबद्दल काही ठरवता येतं ते याच पातळीवर, आणि चिप कितीही बंद झाली तरी ही पातळी अजून उघडी आहे. म्हणून ती सोडून द्यायला माझं मन होत नाही.

शंकेखोर : उथळ म्हणणार नाही. पण त्या पातळीवर पोचायला नवीन पन्नास-साठ हजारांचा माल पणाला लावायची गरज नाही. ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप आठ-दहा हजारांत मिळतात. एक आणावा. पूर्ण सुटा करावा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावावी, परत जोडावा, चालू करावा. एकदा मुद्दाम रॅम काढून सुरू करावा आणि बीप ऐकावेत. तुझं सगळं ज्ञान त्यातून मिळेल. आणि ते मशीन त्याच्याकडे दुसरं मशीन म्हणून राहील. मी म्हणतो ती अडचणही त्यातच सुटते. मग कामाचं मशीन त्यानं खुशाल तयार घ्यावं, वॉरंटीसकट.

हौशी : पहिला अर्धा भाग मी जसाच्या तसा उचलते. जुनं मशीन आधी उघडायचं, हे मी त्याला सांगायला हवं होतं. पण त्या आठ-दहा हजारांच्या मशीनमध्ये एसएमपीएस कंपनीच्या मापाचा निघेल, बोर्ड वेगळ्या आकाराचा निघेल, आणि तेव्हा त्याला स्वतःच दिसेल की तयार मशीनमध्ये कुठे हात बांधले जातात. ते बघून तो परत तसलंच नवं का घेईल?

शंकेखोर : कारण त्याला जूनमध्ये काम सुरू करायचंय, आणि जुलैत एसएमपीएस गेला तर तो शोधत बसायचं नाहीये. तू पाचव्या वर्षाचं बोलतेस, मी पहिल्या वर्षाचं बोलतोय. पाचव्या वर्षी त्याच्या हातात पैसे असतील, कदाचित पगार असेल. पहिल्या वर्षी नाहीत.

हौशी : पाचव्या वर्षी पगार असेलच, हे तुम्ही धरून चाललात. मी ते धरू शकत नाही. आणि पहिल्या वर्षी भाग नवे असतात, वॉरंटीत असतात. काही व्हायचंच असेल तर बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत होतं. म्हणून माझं म्हणणं, की जोडायचं ते सुट्टीत, सबमिशन लांब असताना. दोन आठवडे मशीनवर पूर्ण ताण टाकायचा, रात्रभर रेंडर लावून ठेवायचे. जे जायचं ते तेव्हा जाऊ दे.

शंकेखोर : ते चांगलं आहे. तरीही, काही गेलं तर कुठला भाग गेला हे तो एकटा ठरवू शकेल, की फोन तुला येईल? तुझा फोन लागला नाही तर? त्याच्या कॉलेजच्या गावात ज्याच्या बेंचवर जाऊन बसता येईल असं एखादं दुकान आहे का? ते असेल तर माझा विरोध निम्मा होतो. नसेल, तर तुझ्या सगळ्या तयारीनंतरही मी त्याला तयार मशीनच घे म्हणेन.

हौशी : गावात दुकान आहे की नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही. हॉस्टेलच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हेही नाही. दोन्ही विचारते. पण दुकान नसलं तरी मी लगेच माघार घेणार नाही; त्याच्या वर्गात आणखी तिघांना मशीन घ्यायची आहेत, असं तो म्हणत होता. चौघांनी एकाच सॉकेटचे बोर्ड आणि एकाच जातीची रॅम घेतली, तर प्रत्येकाचा बेंच म्हणजे बाकीच्या तिघांची मशीन. एकाचा डिस्प्ले आला नाही तर दुसऱ्याची पट्टी लावून बघता येईल.

शंकेखोर : आणि सबमिशनच्या आठवड्यात दुसरा आपल्या चालू मशीनमधली पट्टी काढून देईल?